लांकडी नंदीचें रंगकाम

लहानपणीं येत असलेली कला पुष्कळ वर्षांनीं पुन्हां हातीं घेणाऱ्या मनुष्याची स्थिति अगदीं नवशिक्याहून निराळी असते. आपल्याला कांहीं येत नाहीं, हें नवशिक्यास ठाऊक असतें. परतून आलेल्यास मात्र आपल्याला सर्व येतें असें वाटत असतें. डोळ्यांस जुनें काम आठवतें, पण बोटें तें विसरलेलीं असतात. मध्यंतरीं रंग बदललेले असतात, साधनें बदललेलीं असतात, आणि चाळिशी लागल्यामुळें जवळचें बारीक काम पूर्वीसारखें स्पष्ट दिसत नाहीं. लहान प्रतिकृति रंगविण्याच्या कलेंत ही अडचण विशेष जाणवते; कारण मोठ्या भिंतीवर जी चूक कोणाच्या लक्षांतहि येत नाहीं, ती वीतभर उंचीच्या वस्तूवर सर्वांआधीं दिसते.

या कलेचें उदाहरण शोधण्यासाठीं विदर्भाबाहेर जाण्याचें कारण नाहीं. वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यांत गिरड नांवाचें गांव आहे. तेथील टेकडीवर ख्वाजा शेख फरीद यांचा दर्गा असून हिंदु व मुसलमान अशा दोन्ही समाजांचे लोक तेथें दर्शनास येतात. टेकडीच्या परिसरांत सुपारीसारखे, जायफळासारखे दिसणारे लहान गोटे सांपडतात. वाटेनें जाणाऱ्या व्यापाऱ्यांनीं साधूची थट्टा केली, आणि त्यांच्या मालाचे दगड झाले, अशी कथा तेथें सांगतात. भूगर्भशास्त्राचें म्हणणें असें कीं, दक्षिणेच्या काळ्या पाषाणांतील पोकळ्यांत जिओलाइट वर्गाचीं खनिजें सांचून हे गोटे बनले, आणि भोंवतालचा खडक झिजल्यावर ते सुटे झाले. कथा घेतली काय किंवा शास्त्र घेतलें काय, अनुभव एकच: आकार पुरेसा जुळला कीं, उरलेलें काम पाहणाऱ्याचें मन करतें. प्रतिकृतीची सारी कला या अनुभवावर उभी आहे. बारीक आकार शाबूत असला तर थोडा रंगहि पुरतो. आकारच बुजला तर कितीहि रंग लावून वस्तु ओळखीची होत नाहीं.

याच मुलखांत श्रावणी अमावास्येस पोळा भरतो आणि दुसऱ्या दिवशीं मुलांचा तान्हा पोळा असतो. चाकें लावलेल्या पाटावर उभा केलेला लांकडी नंदी, त्याच्या गळ्यांत दोरी, शिंगांस बेगड, आणि दोरी ओढीत घरोघर जाऊन बोजारा मागणारीं मुलें, हें दृश्य नागपूर-वर्ध्याच्या बाजूस वाढलेल्या प्रत्येकाच्या परिचयाचें आहे. नागपूरकर भोसल्यांनीं ही चाल पाडली असें सांगतात. वर्धा जिल्ह्यांतील सिंदी (रेल्वे) येथील तान्हा पोळा तर मोठमोठ्या नंदींसाठीं प्रसिद्ध आहे. घरचा नंदी बहुधा सुताराकडून करवून घेतलेला असतो, आणि आजोबांचा नंदी नातवापर्यंत चालत येतो. गांव सोडून शहरांत राहावयास गेलेल्या कित्येक कुटुंबांत तो कपाटावर जपून ठेवलेला असतो. घरांत पुन्हां लहान मूल दोरी धरण्याजोगें झालें म्हणजे नंदी खालीं उतरतो, आणि पूर्वीं ज्यानें तो रंगविला होता त्याच्याकडेच रंगविण्याचें काम पुन्हां येतें.

येथें पहिली चूक घडते. बाजारांतून ऑइल पेंटची लहानशी डबी आणावयाची, जुन्या रंगावरच नवा हात द्यावयाचा आणि सणाच्या आदल्या रात्रीं तो वाळत ठेवावयाचा, ही सार्वत्रिक पद्धत आहे. तिचा परिणाम समजण्यास थोडें गणित पुरेसें आहे. खरा बैल खांद्यापाशीं १२० सेंटिमीटर उंच धरला आणि नंदी १२ सेंटिमीटर उंच असला, तर त्याचें प्रमाण एकास दहा झालें. कुंचल्यानें दिलेल्या रंगाचा एक थर वाळल्यावर मिलिमीटरचा विसावा भाग जाड राहतो असें मानूं. वर्षास एक याप्रमाणें वीस वर्षांत हे थर एक मिलिमीटर होतात. खऱ्या बैलाच्या मापानें पाहिलें तर त्याच्या सबंध अंगावर एक सेंटिमीटर जाडीचा लेप बसला! सुतारानें पटाशीनें उठविलेली पापणी, नाकपुडी, गळ्याखालच्या पोळीच्या घड्या, खुरांमधील फट, हीं सर्व त्या लेपाखालीं गाडलीं जातात. विमानांच्या आणि जहाजांच्या प्रतिकृति करणारे लोक रंगाच्या जाडीस इतके जपतात याचें कारणहि हेंच. विमानांसाठीं एकास बहात्तर हें प्रमाण १९३० नंतर इंग्लंडांत रूढ झालें. त्या मापांत मिलिमीटरच्या विसाव्या भागाचा थर म्हणजे खऱ्या विमानाच्या पत्र्यावर साडेतीन मिलिमीटरांहून अधिक जाड लेप होय.

म्हणून परतून आलेल्या हातानें रंग देण्यापूर्वीं रंग काढावयास शिकलें पाहिजे. त्यांतहि आधीं एक विचार करणें अगत्याचें आहे. नंदी फार जुना असेल, त्यावरील मूळ रंग आणि डोळ्यांची रेषा कोणा जुन्या कारागिराची असेल, तर त्यास हात न लावणें हेंच उत्तम. मऊ कोरड्या कुंचल्यानें धूळ झाडावी, किंचित् ओलसर फडक्यानें हळुवार पुसावें आणि तो कपाटांत मानानें ठेवावा. मुलासाठीं दुसरा, कोऱ्या लांकडाचा नंदी करवून घ्यावा. ज्या नंदीवर केवळ डब्यांतील रंगांचे थर चढले आहेत त्याचेंच नूतनीकरण करावें.

जुना रंग काढण्यांत एक धोका आहे, आणि तो खेळण्याशीं संबंध येत असल्यामुळें क्षुल्लक नव्हे. पूर्वींच्या तेलरंगांत, विशेषतः झगझगीत पिवळ्या, नारिंगी आणि तांबड्या रंगांत, शिशाचीं संयुगें असत. भारतांत घरगुती व शोभेच्या रंगांतील शिशाचें प्रमाण दर दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक असूं नये, असा नियम २०१६ मध्यें झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलांत आला. त्यापूर्वींच्या नंदीवर शिसें असूं शकतें असें धरूनच चालावें. शिसें पोटांत गेल्यानें लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस अपाय होतो, आणि त्याचें अमुक एक प्रमाण निर्धोक आहे असें वैद्यकशास्त्रास आढळलेलें नाहीं. तेव्हां जुना रंग कोरड्या पॉलिश पेपरानें घांसून त्याची धूळ घरांत उडवूं नये; दिव्यानें अथवा गरम हवेनें जाळूंहि नये. रंग सोडविणारें द्रव्य लावून तो मऊ झाल्यावर लांकडी पट्टीनें खरवडावा, किंवा पाण्यावर चालणाऱ्या पॉलिश पेपरानें ओला ठेवूनच घांसावा. निघालेला चोथा कागदांत गुंडाळून वेगळा करावा, आणि हें काम चालूं असतां मुलांस त्या जागेंत येऊं देऊं नये. पाळण्यांतलें वा रांगतें मूल खेळणें प्रथम तोंडांत घालतें, एवढें लक्षांत ठेविलें म्हणजे ही दक्षता अवाजवी वाटणार नाहीं.

उघडें पडलेलें लांकूड लगेच रंगवूं नये. ओल्या फडक्यानें एकदां पुसलें म्हणजे लांकडाचे तंतु उभे राहतात. तें पूर्ण वाळूं द्यावें आणि मग २४० व ४०० क्रमांकाच्या पॉलिश पेपरानें तंतूंच्या दिशेनें गुळगुळीत करावें. पायांचे तळ, शिंगांचीं टोंकें आणि शेपटीचा शेवट येथें लांकूड आडवें कापलेलें असतें. तें पाणी आणि रंग दोन्ही अधिक शोषतें, आणि रंग प्रथम तेथूनच उकलतो. स्पिरिटांत विरघळविलेल्या चपडी लाखेचे दोन पातळ हात तेथें दिले म्हणजे शोषण थांबतें. भेगा असल्यास लांकडाच्या पुटीनें भराव्या. यानंतर प्रायमर, म्हणजे रंग धरून ठेवणारा अस्तराचा हात, द्यावा. फिकट राखी प्रायमर उत्तम. कारण त्यावर राहिलेले ओरखडे आणि खड्डे लगेच दिसून येतात. कामाचा निम्म्याहून अधिक वेळ या पूर्वतयारींत गेला तर तो वायां गेला असें समजूं नये.

आतां रंगाचा प्रश्न. बाजारांतील बहुतेक नंदी पांढरे शुभ्र रंगवून त्यांवर सोनेरी-तांबडी झूल काढलेली असते. परंतु वर्धा जिल्ह्याचा स्वतःचा बैल आहे, त्याचें नांव गवळाऊ. अंगानें सडपातळ, चपळ, अरुंद तोंडाचा आणि आंखूड शिंगांचा हा बैल पांढरा किंवा राखी असतो. नराच्या मानेवर, वशिंडावर आणि मागच्या भागावर राखी छटा अधिक गडद होत जाते. पांढऱ्याचा राखी कोठें झाला हें बोट ठेवून दाखवितां येत नाहीं. ही न सांगतां येणारी सीमा कुंचल्यानें उतरविणें कठीण आहे, आणि एअरब्रश हें साधन नेमकें तेथेंच कामास येतें.

एअरब्रश म्हणजे लेखणीएवढी पिचकारी होय. अमेरिकेंतील आयोवा संस्थानांत ॲबनर पीलर यानें १८७९ मध्यें तिचें एक आद्य रूप तयार केलें. चार्ल्स बर्डिक यानें १८९० नंतरच्या दशकांत तिला आजच्या जवळपास जाणारी घडण दिली. आरंभीं तिचा मोठा उपयोग छायाचित्रें सुधारण्याकडे झाला. तिची क्रिया साधी आहे. बारीक तोंडाच्या नळींत निमुळती सुई बसविलेली असते. तें तोंड बहुधा मिलिमीटरच्या तीन दशांश एवढें असतें. कॉम्प्रेसरमधून आलेली हवा या तोंडाभोंवतीं वेगानें वाहते, तेथील दाब कमी होतो, आणि रंग ओढला जाऊन त्याचे सूक्ष्म तुषार होतात. दुहेरी क्रियेच्या एअरब्रशांत खटका खालीं दाबला कीं हवा सुटते, आणि मागें ओढला कीं सुई सरून रंग सुटतो. नवशिक्यानें एकच नियम मुखोद्गत करावा: आधीं हवा, मग रंग, थांबतांना आधीं रंग बंद, मग हवा. हा क्रम मोडला कीं सुईच्या टोंकाशीं सांचलेला थेंब नंदीच्या पाठीवर उडालाच म्हणून समजावें.

रंग दुधाइतका पातळ असावा. पातळ करण्याचें द्रव्य त्या त्या रंगाचें असावें: ॲक्रिलिकला त्याचें स्वतःचें किंवा पाणी, तेलरंगास टर्पेंटाइन. एकाचें दुसऱ्यास घातल्यास रंग फाटतो. हवेचा दाब आरंभीं दर चौरस इंचास १५ ते २० पौंड ठेवावा आणि अंतर तीन-चार इंचांचें असावें. पहिले कांहीं दिवस नंदीकडे फिरकूंहि नये. जुन्या कागदावर आधीं ठिपके, मग रेषा, मग एका बाजूनें गडद व दुसऱ्या बाजूस विरत जाणारा चौकोन, असा सराव रोज अर्धा तास करावा. चुका ठराविक आहेत आणि त्यांचीं कारणेंहि ठराविक आहेत. रंग कोळ्याच्या पायांसारखा चोहोंकडे पळाला तर तो फार पातळ, दाब फार, किंवा हात फार जवळ आहे. पृष्ठभाग खरखरीत, पिठाळ झाला तर रंग वाटेंतच वाळत आहे. ओघळ आला तर हात एका जागीं थांबला आहे. तुषार थांबून थांबून येऊं लागले तर सुईच्या टोंकावर रंग सुकला आहे. प्रत्येक चुकीचें कारण कागदावर शोधून काढलें म्हणजे तिचें मोल दोन पैशांच्या कागदाएवढेंच पडतें. नंदीवर मात्र तीच चूक सबंध तयारी पुन्हां करावयास लावते.

गवळाऊ रंगवितांना प्रथम सर्वांगास किंचित् पिवळसर झांक असलेला पांढरा द्यावा, तोहि एकदम नव्हे, तर तीन-चार विरळ फेऱ्यांत. पहिल्या फेरीनंतर प्रायमर दिसत राहिला पाहिजे. मग त्याच पांढऱ्यांत थोडा काळा मिसळून केलेला राखी मान, वशिंड आणि मांड्या यांवर विरळ फवारावा. शुद्ध काळा कोठेंहि वापरूं नये. लहान वस्तूवर गडद रंग प्रत्यक्षापेक्षां अधिक गडद वाटतो. म्हणून खुरांस आणि नाकपुडीस काळ्याऐवजीं काळपट राखीच शोभतो.

यानंतर महत्त्वाची गोष्ट ऋतूची. पोळा येतो तो भर पावसाळ्यांत. त्या दिवसांत हवा दमट असते. रंगांतील द्रावक उडून जातांना पृष्ठभाग थंड होतो, हवेंतील बाष्प त्यावर धरतें, आणि लॅकरवर पांढुरका धुरकटपणा येतो. कॉम्प्रेसरनें हवा दाबली म्हणजे तिच्यांतील बाष्पाचें पाणी होऊन तें नळींतून थेंबथेंब बाहेर पडतें. त्यासाठीं पाणी अडविणारी बाटली नळीच्या मध्यें बसवावी लागते. तेलरंगहि दमट हवेंत लवकर वाळत नाहीं, आणि आदल्या रात्रीं रंगविलेल्या नंदीवर दुसऱ्या दिवशीं मुलाच्या बोटांचे ठसे उमटतात. बरें, उन्हाळा घ्यावा तर वर्ध्याकडील वैशाखांत पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि रंग नंदीवर पोंचण्यापूर्वींच हवेंत वाळतो. यास्तव कार्तिकापासून फाल्गुनापर्यंतचा कोरडा, सौम्य काळ या कामास योग्य होय. पोळ्याची आठवण कोणासहि नसते, त्याच वेळीं नंदीस हात घालावयाचा आहे.

तुषार डोळ्यांस दिसले नाहींत तरी श्वासांतून आंत जातात. तोंडास बांधलेला रुमाल त्यांस अडवीत नाहीं. रंगकामासाठीं मिळणारा गाळणीचा मुखवटा वापरावा. पाण्यावर चालणाऱ्या ॲक्रिलिक रंगांनाहि हा नियम लागू आहे. द्रावकाची वाफ पेट घेते, म्हणून देवघरांतील समई किंवा स्वयंपाकघरांतील शेगडी जेथें पेटलेली असेल तेथें हें काम करूं नये. खिडकी उघडी असावी आणि हवेचा ओघ काम करणाऱ्याकडून बाहेर जाणारा असावा. काम संपतांच, चहा पिण्यासहि न उठतां, एअरब्रश धुवावा. उद्यांवर ठेवलेलें धुणें बहुधा सुई मोडूनच पुरें होतें.

यंत्र हातीं आलें म्हणजे सर्व यंत्रानेंच करावें असा मोह होतो. रायगड जिल्ह्यांतील पेण येथें गणेशमूर्तींच्या अंगावरील रंग आणि छटा यंत्रानें फवारतात. परंतु डोळ्यांची आखणी निवडक कारागीर हातानेंच करतात. सावंतवाडीच्या चिताऱ्यांनीं लांकडी फळांवर पिकलेपणाची छटा आणली ती कुंचल्याच्याच बळावर. नंदीच्या अंगावरील राखी छटा यंत्राची. डोळे, पापणी, झुलीची किनार आणि घुंगुरमाळ हीं कुंचल्याचीं. ज्याची दृष्टि जवळच्या कामास कमी पडते त्यानें संकोच न करतां भिंग लावावें, मनगट टेबलावर टेकावें, आणि कुंचला न हलवितां नंदी फिरवावा. रेषा सरळ येते. बारीक कुंचल्यापेक्षां टोंक न मोडलेला मध्यम कुंचला अधिक चांगला, कारण त्यांत रंग पुरेसा राहतो आणि रेषा मध्येंच तुटत नाहीं.

शेवटीं संरक्षक व्हार्निशचे दोन विरळ हात द्यावे आणि नंदी निदान पंधरा दिवस कोणाच्या हातीं देऊं नये. तो खेळणें आहे. रस्त्यावरून ओढला जाणार, उंबऱ्यास आपटणार, कोठें तरी टवका उडणारच. त्याचें दुःख मानण्याचें कारण नाहीं. पुढील कोरड्या ऋतूंत तेवढीच जागा घांसावी, तेवढाच प्रायमर द्यावा आणि तेवढाच रंग भरावा. सबंध नंदीवर पुन्हां एक हात फिरवूं नये. ज्या घरांत एवढा नियम पाळला जाईल, त्या घरांतील पणतवासहि सुतारानें कोरलेली पापणी बोटास लागेल.